दोन सह्यांची वही

मला विमानातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रिक्षांचे हूड शिवतो. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टपरी, पुढे ताडपत्री आणि पायाखाली रेक्झिनचे तुकडे. पाऊस कितीही झोडपो, माझ्या हूडखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर थेंब पडत नाही. याचा मला गर्व होता. अजून आहे. आणि पुढे जे झालं ते त्या गर्वामुळेच झालं, हेही आधीच सांगतो.

नाना पहिल्यांदा दुकानात आले ते काखेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी घेऊन. साठी गाठलेला, उंच, काटकुळा माणूस. स्कूटर स्टँडला लावली, कापड माझ्या मशिनवर पसरलं आणि म्हणाले, "याचे दोन पन्ने जोडायचे. शिवण अशी पाहिजे का कापड फाटलं तरी शिवण नही फाटली पाहिजे."

"कशाचं कव्हर आहे?" मी विचारलं.

"इमानाचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी शिवून दिलेला तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला, उलटा केला, परत ओढला आणि म्हणाले, "मास्टर, सांजच्याला घरी या."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. मागच्या अंगणात पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते विमान वाटलंच नाही. कातडं नसलेलं काहीतरी वाटलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले दोन लाकडी पंख, नुसत्या फासळ्या. नाना पाइपाच्या कारखान्यात फिटर होते. घरचे मुक्ताईनगरकडचे, केळी करणारे. भाऊ शेतीत राहिले, हे एकटे मशिनीत आले. नऊ वर्षं ते हे विमान बांधत होते. नकाशे परदेशातून मागवलेले, इंजिन जुनं पण बाहेरचं, बाकी सगळं हाताचं. धुळ्याच्या बाजूला कुणाच्या तरी छोट्या विमानावर सुट्ट्यांच्या दिवशी ते उडवायलाही शिकून आले होते. मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "सारी जिंदगी लोकांच्या मशिनी चालू ठेवल्या. एक आपली चालवून पाहाची."

कापड चढवायचं काम मी घेतलं. लोक म्हणाले, अरे, तू मुसलमान माणूस, ते पाटील, दोघं मिळून विमान काय करता? मी म्हणालो, विमानाला काय माहीत. खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. माझ्या शिवणीकडे इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

नानांकडे एक वही होती. कारखान्यातली सवय. प्रत्येक कामाला एक ओळ: काय काम, करणारा, तपासणारा. दोन सह्या झाल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही. ते स्वतः बोल्ट कसायचे आणि मला पाना हातात देऊन म्हणायचे, "ओढ." मी ओढायचो, हललं नाही की तपासणारा म्हणून माझी सही. मी कापडाचं काम केलं की ते तपासायचे. मी एकदा म्हटलं, नाना, सगळं तुम्हाला कळतं, तुम्हीच दोन्हीकडे सह्या करून टाका ना. तर चिडले. "एकाच माणसाच्या दोन सह्या चालत नही, मास्टर. करनारा आंधळा ऱ्हातो."

त्यांचे नियम पुष्कळ होते. हात साबणानं दोनदा धुवायचे. केसांना तेल लावून यायचं नाही. विडी ओढून यायचं नाही. आणि मेण शेडमध्ये आणायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्या जिवावर आला. हूडच्या कामात आमचं अर्धं कसब मेणात असतं. दोरा मेणाच्या गोळ्यातून ओढायचा, आणि शिवण पुरी झाली की वरून मेण घासायचं, म्हणजे सुईच्या भोकातून पाणी शिरत नाही. वडिलांनी शिकवलं तेव्हापासून माझ्या खिशात मेणाचा गोळा असतो. शर्टाच्या खिशाला त्याचा पिवळा डागच पडलेला असतो.

नानांनी समजावलं होतं. पंखाच्या पुढच्या कडेला कापड गोंदानं चिकटतं. वारा सगळ्यात आधी तिथे धडकतो. तिथे मेण किंवा तेल लागलं तर गोंद वरवर धरतो, आतून धरत नाही. हे सगळं त्यांनी वहीत लिहिलं होतं, आणि वाचलं म्हणून खाली माझी सही घेतली होती. मी वाचलं होतं. कळलंही होतं. पण पटलं नव्हतं. पाणी शिरू न देणारी गोष्ट वाईट कशी असेल, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

एके दुपारी त्यांनी माझी एक शिवण तिसऱ्यांदा उसवायला लावली. टाके सुताएवढे वाकडे होते. सुताएवढे! रिक्षावाल्यांनी ज्या शिवणीसाठी माझ्याकडे रांगा लावल्या, ती या माणसानं ब्लेडनं तीनदा उसवली. डोक्यात तिडीक गेली. मी परत शिवली, सरळ शिवली, त्यांनी मान हलवली आणि ते जेवायला आत गेले. शेडमध्ये मी एकटा. समोर पंख, पुढच्या कडेवर माझी शिवण, गोंद लावायचा बाकी.

हात आपोआप खिशात गेला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. हात माझ्या मर्जीनं गेला. मी कापड उलटून आतल्या बाजूनं त्या शिवणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मेण घासलं, आणि घासताना मनात म्हणालो, आता शिरू दे पाणी कुठून शिरतं ते. मग फडक्यानं पुसलं, म्हणजे दिसू नये.

नाना हात पुसत आले. गोंदाचा डबा उघडताना त्यांनी विचारलं, "मेण-तेल काही नही ना?"

"नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत सही केली. मग आम्ही दोघांनी मिळून गोंद लावला, कड चिकटवली, इस्त्री फिरवून कापड ताणलं. ढोलकीसारखं वाजायला लागलं. वर लेप बसले, वर चंदेरी रंग. मी ते विसरलो. खरंच विसरलो. माणूस स्वतःचं वाईट किती चटकन विसरतो, याचं मला आता नवल वाटत नाही.

त्यानंतर वर्षभर सगळं नीट चाललं. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा विमान साखळीनं अंगणातल्या कडुनिंबाला बांधलं होतं; अख्खी गल्ली गोळा झाली आणि निंबाची पानं सगळ्यांच्या डोक्यांवर पडली. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. अक्का दारात उभ्या राहून कानांत बोटं घालून बघत होत्या. एरवी शेडमध्ये चहा ठेवायला येत, पण विमानाकडे बघत नसत. त्या दिवशी पहिल्यांदा जवळ आल्या, नाकाडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गरम झालं हे तं."

उडवायच्या परवानगीचा कागद आला तो फेब्रुवारीत. त्याची मुदत एप्रिलअखेरपर्यंत. आणि नानांना उडवायला तब्येत चालते असं लिहिलेला डॉक्टरचा कागदही तेवढ्याच दिवसांचा उरला होता. हृदयाचं काहीतरी होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की यापुढे मी सही करणार नाही. म्हणजे या एप्रिलमध्ये उडालं तर नाना उडवतील. नाहीतर नाना कधीच उडवणार नाहीत. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही विमान हलवलं. पंख वेगळे काढून केळीच्या ट्रकमध्ये आडवे घातले, खाली-वर केळीची सुकी पानं कोंबली, आणि दोरखंडानं बांधलं. रस्ताभर ट्रकवाल्याला नाना सांगत होते, हळू, हळू. ट्रकवाला म्हणाला, "बाबा, केळी यापेक्षा नाजूक ऱ्हाते." धुळ्याच्या पुढे नानांच्या ओळखीच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याचं माळरान होतं. सपाट, कडक मुरूम, लांबच लांब. त्यानं दगडधोंडे वेचून पट्टा साफ करून ठेवला होता. आम्ही उतरलो तर तो हात जोडून पुढे आला. "या भाऊ. बठ्ठं मोकळं शे. काही फिकर करू नका." बठ्ठं म्हणजे सगळं. त्याच्या शेतघरात आम्ही चौघं राहिलो: नाना, अक्का, मी आणि तो.

तीन दिवस पंख जोडणं, तारा ताणणं, पिना घालणं आणि वही भरणं यात गेले. मग नुसतंच जमिनीवर पळवणं. सकाळी सहा ते आठ, कारण त्यानंतर तिथे वारा आणि ऊन दोन्ही माणसाला उभं राहू देत नाहीत. नाना पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमान पळवत, शेपूट उचललं जाई, परत टेकवत. उतरले की वहीत लिहीत. मी इतक्या दिवसांत त्या माणसाला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, तिथे ऐकलं.

एका दुपारी शेतकऱ्यासाठी मी एक ताडपत्री शिवून दिली. नुसतं बसवत नाही मला. माझा दोरा, माझी सुई, माझं मेण. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीच्या काट्यानं विमानाच्या शेपटीवर बोटभर फाटलं. नाना म्हणाले, ठिगळ लाव. मी हात धुतले, पण घाईत एकदाच. ठिगळ लावलं, रंग मारला. नानांनी एक फेरी मारली आणि परत आले तर ठिगळ नव्हतं. वाऱ्यानं उडून गेलं होतं.

नाना खाली वाकले, नखानं कड खरवडली, आणि चक्क हसले. "काल ताडपत्री शिवली ना? बोटाले मेण असंन. पाहा मास्टर, बोटभर मेणानं काय व्हते ते. म्हनून तं वहीत लिहिलं होतं."

त्या दुपारचा पंख, तो मेणाचा गोळा, ते फडकं, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी परत हात धुतले, दोनदा, तीनदा, ठिगळ परत लावलं. ते टिकलं. नानांनी सही केली.

दोन दिवस मी मूग गिळून बसलो. का बसलो, ते सांगतो. पहिलं म्हणजे भीती. दुसरं म्हणजे आशा: वर्ष झालं, अजून निघालं नाही, आता काय निघतंय? जमिनीवर एवढं पळवलं, पंखाला काय झालं? तिसरं कारण सगळ्यात वाईट. एवढ्या वर्षांत मला कुणी कच्चा कारागीर म्हटलं नव्हतं. मी संधी मिळेल तेव्हा पंखांपाशी जायचो आणि अंगठ्यानं कड दाबून पाहायचो. रंगाखाली काय आहे ते कळायचा मार्ग नव्हता. आणि कुठल्या पंखावर घासलं होतं तेही नक्की आठवत नव्हतं. शेडमध्ये दोन्ही पंखांची जागा आम्ही कितीदा तरी बदलली होती. उजवा असावा, असं वाटत होतं.

संध्याकाळी घरी फोन केला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो बोल क्यूं नई देते?" मी म्हणालो, तुला काय कळतं, त्यांची दहा-अकरा वर्षं आहेत त्यात. ती म्हणाली, "और उनकी जान?" मी फोन ठेवून दिला. तिच्यावर राग आला, कारण ती बरोबर होती.

उड्डाणाचा दिवस उजाडला. मुदत संपायला तीन दिवस होते. वारा नव्हता. अक्कांनी विमानाच्या नाकाडावर कुंकवाचं बोट ओढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शेतकऱ्यानं नारळ फोडला. नारळाचं पाणी मुरमात लगेच जिरलं. अक्कांनी नानांना ओवाळलं, परत एकदा ओवाळलं, तेव्हा नाना म्हणाले, "अवं, मी काही लढाईले नही चाललो." ते आत बसले, पट्टा बांधला, सगळी बटणं, दांडे एकेक करून हलवून पाहिले. माझं काम पंखाचं टोक धरायचं होतं आणि त्यांनी हात दाखवला की सोडायचं.

मी पंखाचं टोक धरून उभा होतो. ते कापड माझ्या हाताखाली होतं. गार, ताणलेलं. नानांनी इंजिन सुरू करायला हात पुढे केला.

"नाना, उतरा."

त्यांना ऐकू गेलं नाही, असं वाटलं. मी पुढे गेलो. "उतरा. मी पंखाला मेण लावलंय. गोंदाच्या आधी. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टा सोडला, खाली उतरले, आणि एवढंच विचारलं, "कोन्त्या?"

"उजव्या. बहुतेक."

त्यांनी खिशातून चाकू काढला. अक्का ओरडल्या, "अहो, काय करता!" त्यांनी उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला हातभर चीर मारली आणि कापड उपसायला लागले. ते निघेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. कापडाबरोबर लाकडाची ढलपी निघाली, पण गोंद सुटला नाही. पक्कं होतं. अगदी पक्कं.

शेतकरी मोठ्यानं हसला. अक्का खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या, आणि रडता रडताच मला म्हणाल्या, "मास्टर, तुले काय येड लागलं? चांगला पंख फाडाले लावला!" नानाही हुश्श करून टेकले. हातभर चीर. ठिगळ लावायचं, लेप द्यायचा, वाळू द्यायचं. उद्या नाही तर परवा. मुदतीत बसत होतं. सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते, की झालं ना आता समाधान?

इथे मी गप्प बसू शकलो असतो. कुणी मला काही विचारलं नसतं. वहम होता माझा, एवढंच राहिलं असतं. पहिल्यांदा बोलणं कठीण होतं, पण दुसऱ्यांदा बोलणं त्याहून कठीण गेलं, कारण पहिल्यांदा निदान माझा जीव हलका होणार होता.

मी म्हणालो, "मग डाव्यावर असेल."

नाना उठले. डाव्या पंखापाशी गेले. चाकू काढलाच नाही. पुढच्या कडेच्या रंगावर नखानं एक रेघ ओढली, तिथे बोट घातलं आणि उचललं. केळीची साल निघावी तसं कापड निघत गेलं. हातभर, मग दोन हात, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली लाकूड कोरडं, आणि कापडाच्या आतल्या बाजूला माझं मेण, पिवळं, चकचकीत, घासलेल्या हाताचे फराटे जसेच्या तसे.

मी वाट बघत होतो की ते मला मारतील. शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मी तर तयार होतो. ते विमानात गेले, सीटच्या मागून वही काढली, मागची पानं उलटली आणि ती ओळ काढली. करणारा, माझी सही. तपासणारा, त्यांची. त्यांनी पेन काढून स्वतःची सही खोडली. माझी तशीच ठेवली.

"ही मी न पाहता केली," ते म्हणाले. "तू नही म्हनला, म्हनून केली."

मला ते मारण्याहून जास्त लागलं. आणि मला राग आला. हो, मलाच. मनात आलं, बोललो म्हणून वाचलात ना? मग एक शब्द तरी चांगला बोला. ते बोलले नाहीत. अख्ख्या पंखाचं कापड तीन दिवसांत कुठून येणार? ते परदेशातून यायचं. दुपारी आम्ही पंख उतरवले आणि केळीचा ट्रक बोलावला. जळगावपर्यंत नाना पुढे बसले, मी मागे पानांवर. पिंप्राळ्यात उतरताना मी म्हणालो, "नाना, येतो." ते म्हणाले, "हं."

मी ठरवलं, बोलावल्याशिवाय जायचं नाही. त्यांना माझं काम नको असेल तर मीही तोंड दाखवणार नाही. आठ महिने. माझ्या दुकानाचा रस्ता त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जातो. रोज जाताना-येताना मी स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळून पुढे निघून जायचो. एकदा संध्याकाळी नाना गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले दिसले. फार वाळले होते. त्यांनी हात वर केला. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. मनात म्हणालो, हात कसले करता, निरोप पाठवा ना.

डिसेंबरात ते गेले. झोपेतच. मी मयताला गेलो, मागे उभा राहिलो आणि परत आलो. तेरावं झाल्यावर अक्कांनी बोलावणं पाठवलं.

शेडचं कुलूप त्यांनीच काढलं. विमान मध्ये उभं होतं, दोन्ही पंख भिंतीला टेकवलेले. दोन्हीवरचं कापड काढून टाकलेलं, लाकूड घासून स्वच्छ केलेलं, मेणाचा मागमूस नव्हता. पहिल्यांदा पाहिलं होतं तसंच दिसत होतं, कातडं नसलेलं. फळीवर प्लॅस्टिकमध्ये नवीन पांढऱ्या कापडाची गुंडाळी होती, न फोडलेली. शेजारी वही.

"कापड कधी आलं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आंधी," अक्का म्हणाल्या. "परवानगीचा नवा कागद बी मागवला होता त्याईनं. म्हनत, मले नही उडवू देत तं दुसरं कोनी उडवीन, मी खालून पाहीन. मी म्हनलं, मास्टरले बोलावू का? तं म्हने, नको. बोलावू नको. त्यानं दोनदा खरं सांगितलं, तो आपल्या पायानं येईन. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत, तुह्या स्कूटरचा आवाज आला का मान वर करत."

मी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. डावा पंख, कापड. उजवा पंख, कापड. करणारा या रकान्यात दोन्हीकडे 'मास्टर' असं लिहून सहीसाठी जागा सोडली होती. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि ओरडून रडलो. अक्कांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "कापड परत जात नही. तूच लाव."

उडवणारा कुणी नाही, घेणारा कुणी नाही. तरी मी जानेवारीभर दुकान दुपारीच बंद करून तिथे जात होतो. मेणाचा गोळा टपरीतच ठेवायचो. हात दोनदा धुवायचो. एक शिवण मला सुताएवढी वाकडी वाटली, ती मी चारदा उसवली. गोंद, इस्त्री, लेप, सगळं वहीत लिहिलंय तसं. आता दोन्ही पंख ढोलकीसारखे वाजतात. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

काम संपलं त्या दिवशी वही घेऊन करणाऱ्याच्या रकान्यात दोन सह्या केल्या. मग अक्कांपुढे धरली. "तपासणारा म्हणून तुम्ही करा."

त्यांनी वही हातात घेतली नाही. म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं? तूच कर तिठी बी."

मी पेन त्या रकान्यापर्यंत नेलं. मग पेनाला टोपण लावलं, आणि तो रकाना तसाच मोकळा ठेवून वही फळीवर ठेवून दिली.